झाकण लावण्यापूर्वी

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने काय काय सांगावे याचा एक पाठ आता ठरून गेला आहे. नायगाऱ्याचे तुषार, न्यू यॉर्कच्या गगनचुंबी इमारती, रस्त्यांची रुंदी, आणि शेवटी "पण बुवा, आपला चहा तो आपला चहा!" हे भरतवाक्य. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्रथमच तिकडे जाऊन आलो, तेव्हा हा पाठ म्हणून दाखवण्याचा अधिकार मलाही मिळाला आहे. पण वाचकहो, मी तो म्हणणार नाही. कारण त्या महिन्याभरातले जे चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत, ते बहुतेक विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटन नावाच्या गावी, एका घराच्या गॅरेजमध्ये, विमानाच्या पंखाशेजारी स्टुलावर बसून गेले. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

मला ओळखणाऱ्यांना हे शेवटचे वाक्य म्हणजे छापखान्याची चूक वाटेल. मी कॉलेजात मराठी शिकवतो. डोंबिवलीच्या आमच्या घरात दिवे गेले की मी मेणबत्ती शोधतो आणि माझी पत्नी फ्यूज बघते, अशी आमची श्रमविभागणी आहे. माझ्या हाताला खडू आणि लाल शाईचे पेन यांपलीकडे कुठल्याही हत्याराची सवय नाही. पण मेहुणा म्हणून गेलेल्या माणसाला बहिणीच्या घरी कुठले काम करावे लागेल याचा नेम नसतो.

माझी थोरली बहीण गेली तीसएक वर्षे तिकडे आहे. भाऊजी कागद बनवणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर. ॲपलटनला कागदाच्या गिरण्यांची जुनी परंपरा आहे, म्हणून ते तिथे गेले आणि तिथलेच झाले. शिकागोच्या विमानतळावरून त्यांच्या मोटारीने उत्तरेकडे तीनेक तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना मक्याची कोवळी रोपे, तांबड्या रंगाची लाकडी कोठारे, त्यांच्या शेजारी उभे असलेले उंच गोल कणगे आणि काळ्यापांढऱ्या गाई. एकूण देखावा असा की कॅलेंडरातले एखादे पान कुणीतरी तीन तास उलटायचे विसरले आहे.

गाव फॉक्स नदीच्या काठी आहे. ही नदी विनेबागो सरोवरातून निघते आणि उत्तरेकडे वाहत जाते. १८८२ साली याच नदीच्या पाण्याच्या जोरावर इथे वीज तयार होऊ लागली; जगातल्या अगदी पहिल्या जलविद्युत केंद्रांत या गावाचे नाव घेतात. गावाला दुसरा अभिमान हुदिनीचा. बेड्या आणि कुलुपे घालून पेटीत बंद केले तरी बाहेर येणारा तो जादूगार लहानपणी या गावात राहिला. त्याचे वडील इथे यहुद्यांचे धर्मगुरू होते. हाच हुदिनी १९१० साली ऑस्ट्रेलियात विमानही उडवून आला होता, ही माहिती भाऊजींनी मोटार चालवता चालवता पुरवली. विमानाचा विषय एवढ्या आडवळणाने निघाला तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

घरी पोचलो. गॅरेजचे दार वर सरकले आणि मी तसाच उभा राहिलो. दोन मोटारी मावतील एवढ्या जागेत एकही मोटार नव्हती. मधोमध एका लांबलचक टेबलावर, पोट वर करून ठेवलेल्या माशासारखा, चकचकीत ॲल्युमिनियमचा एक पंख पडला होता. दुसरा भिंतीशी लाकडी घोडीवर उभा होता. विमानाचे धड आधीच गावाबाहेरच्या विमानतळावरच्या हँगरमध्ये गेले होते.

"सहा वर्षं," भाऊजी म्हणाले. एवढेच.

आत ताईने पोहे केले होते. भाऊजी हात धुवायला गेल्याचे पाहून तिने आवाज खाली आणला. "तू यांना काहीतरी सांग. मी त्या गॅरेजात पाऊल टाकत नाही. गाडी बर्फात उभी असते, तेही सोसलं. पण यात बसून उडायचं म्हणतात. एकसष्टावं वर्ष आहे. मी बसणार नाही, आणि यांनी बसलेलं मला बघवणार नाही."

"माझं कोण ऐकणार, ताई?"

"तुझं ऐकतील. तू प्रोफेसर आहेस."

प्रोफेसरचे कोणी ऐकत नाही हे मला रोज सकाळी साडेसातच्या तासाला कळते. पण बहिणीला तसे कसे सांगणार?

आता, घरी विमान बांधणे हा प्रकार आपल्याला वेडेपणाचा वाटला, तरी तिकडे त्याला कायद्याची जागा आहे. नियम असा की विमानाचे निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, केलेले असले पाहिजे. मग सरकारतर्फे तपासनीस येऊन विमान पाहतो, आणि पटले तर उडण्याचा परवाना देतो. मात्र विमानात शिरण्याच्या जागी 'एक्स्पेरिमेंटल' हा शब्द निदान दोन इंच उंच अक्षरांत लिहावा लागतो, आणि हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे, कारखान्याच्या विमानांचे सुरक्षिततेचे नियम त्याला लागू पडलेले नाहीत, अशी पाटी उतारूला दिसेल अशी लावावी लागते. एवढी प्रांजळ पाटी मी आजवर कुठल्याही वाहनावर पाहिलेली नाही. आमच्या एस. टी.वरही नाही.

सुटे भाग पेटाऱ्यांतून येतात. भाऊजींचे भाग ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन नावाच्या इंजिनिअरने १९७३ साली ती सुरू केली, आणि तिच्या भागांपासून लोकांनी घरोघरी बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. भाऊजींचे विमान दोघांचे, शेजारी शेजारी बसायचे. हे दुसरे आसन कोणासाठी, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजींनी मला गॅरेजात बोलावले. "प्रोफेसर, रविवारी सकाळी दहाला गाडा येणार. पंख हँगरवर न्यायचे. त्याआधी ही सगळी बंद करायची." त्यांनी पंखाच्या पोटाकडे बोट दाखवले. तिथे पत्र्यात तळहाताएवढी, काही त्याहून थोडी मोठी, अशी चौकोनी भोके होती. भोकातून आतला अंधार दिसत होता. "ॲक्सेस पॅनेल. याला मराठीत काय म्हणशील?"

आमचा विषय निघाल्यावर मी खुलतो. "निरीक्षण-गवाक्ष," मी म्हटले. मग वाटले, गवाक्ष हवेसाठी असते. "तपासणी-द्वार म्हणता येईल. किंवा आपल्या जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात माणसापुरता लहान दरवाजा असतो ना, दिंडी दरवाजा, त्यावरून..."

"झाकण," स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून आम्ही झाकणच म्हणू लागलो.

झाकणे का लागतात हे भाऊजींनी मला दिव्याच्या झोतात दाखवले. पंखाच्या आत उभ्या आडव्या पट्ट्यांचा सांगाडा. त्यावर पत्रा रिव्हेटांनी कायमचा बसवलेला. वैमानिकाच्या हातातल्या काठीपासून एक दांडी पंखात येते आणि कोपरासारख्या वाकलेल्या एका तरफेला जोडलेली असते. त्या तरफेपासून दुसरी दांडी पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या फळीकडे जाते. या फळीला एलेरॉन म्हणतात. काठी डावीकडे केली की डावी फळी वर, उजवी खाली, आणि विमान डावीकडे कलते. सगळा खेळ त्या आतल्या तरफेवर आणि तिच्या चार बोल्टांवर. "आणि ती तर आत बंद," भाऊजी म्हणाले. "ती नीट आहे की नाही हे दर वर्षी बघायचं कसं? म्हणून हे झाकण. दर बारा महिन्यांनी सगळी झाकणं उघडायची, आत बघायचं, पुन्हा लावायची. कायदाच आहे. कायदा नसता तरी केलं असतं."

प्रत्येक पंखाला दोन झाकणे. एक कंपनीच्या आराखड्यातले. दुसरे भाऊजींनी स्वतःच्या बुद्धीने वाढवलेले, वेगमापक नळीच्या जोडापाशी हात जावा म्हणून. पण पंखाचा पत्रा म्हणजे नुसते पांघरूण नव्हे, तोही भार वाहतो. त्यात भोक पाडले की पंख तेवढा दुबळा होतो. म्हणून भोकाच्या कडेने आतून पत्र्याची दुहेरी चौकट रिव्हेटांनी ठोकावी लागते, म्हणजे गेलेले बळ परत येते. हे करण्याआधी त्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्या विमानबांधकाला बोलावून आराखडा दाखवला होता. असे अनुभवी लोक एक पैसा न घेता नवशिक्यांची कामे तपासायला घरी जातात, हे मला फार आवडले. आमच्याकडे कविता तपासायलासुद्धा एवढ्या आनंदाने कोणी येत नाही.

काम सोपे दिसत होते. झाकणाच्या कडेला बारा भोके. प्रत्येक भोकाच्या मागे, आतल्या बाजूने, एक चिमुकला नट दोन रिव्हेटांनी पक्का बसवलेला. कारण झाकण लावल्यावर आत हात घालून नट धरायला कोणी नसतो. हा नट मुद्दाम किंचित चेपलेला असतो, म्हणजे विमानाच्या थरथरीने स्क्रू सैल होऊ नये. त्यामुळे पहिल्यांदा स्क्रू आत जाताना कुरकुरतो. त्याच्या टोकाला जरासे मेण लावायचे. आधी बाराही स्क्रू दोन-दोन आटे नुसते धरवायचे, एकही आवळायचा नाही. मग समोरासमोरचे आवळत जायचे. स्क्रूचे डोके पत्र्याच्या पातळीत बसले पाहिजे. बोट फिरवून काही लागले नाही म्हणजे झाले.

आणि मुख्य नियम मोजणीचा. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये प्रत्येक झाकणासाठी एक खण. प्रत्येक खणात बारा स्क्रू मोजून ठेवलेले. "खण रिकामा झाला आणि भोकं भरली, म्हणजे झाकण लागलं," भाऊजी म्हणाले. परीक्षेच्या वेळी पुरवण्या मोजून घेणाऱ्या माणसाला हे लगेच समजले.

गुरुवारी एक झाकण लागले. शुक्रवारी संध्याकाळी भाऊजींना फोन आला म्हणून ते घरात गेले, आणि मी एकटाच दुसरे झाकण घेऊन बसलो. झाकण धरून सातवा स्क्रू भोकावर टेकवत होतो. तो बोटांतून निसटला. टक् असा आवाज झाला. झाकण एका बाजूने जरा उचललेले होते.

मी खाली वाकून फरशीवर पाहिले. टेबलाखाली पाहिले. घोडीच्या पायाशी पाहिले. स्क्रू नव्हता. आत पडला असेल का? छे, फरशीवरच पडला असणार, घरंगळत कुठेतरी गेला असणार, असे मी स्वतःला सांगितले. तेवढ्यात घरातून भाऊजींची चाहूल लागली. फडताळावर शिल्लक स्क्रूंचा डबा होता. मी त्यातला एक उचलला आणि लावून टाकला.

वाचकहो, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. का केले मी असे? त्या घरात माझा कोणीही अपमान केला नसता. पण इंजिनिअर भाऊजींच्या समोर मराठीच्या मास्तराच्या हातून स्क्रू पडतो, हे दिसू नये एवढ्यासाठी मी तो हिशेब जुळवला. भाऊजी आले. खण रिकामा, भोके भरलेली. "वा! प्रोफेसर तयार झाले," ते म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून तो पंख टेबलावरून उचलला आणि घोडीवर उभा केला.

शनिवारी त्यांनी मला आणि ताईला ऑशकॉशला नेले. ॲपलटनपासून वीसएक मैल, सरोवराच्या काठचे गाव. घरी विमान बांधणाऱ्यांचे हे पंढरपूर. पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने १९५३ साली मिलवॉकीजवळ या हौशी मंडळींची संघटना काढली. १९७० पासून तिची वार्षिक जत्रा ऑशकॉशला भरते. जुलैच्या शेवटी आठवडाभर देशभरातून दहा हजारांच्या आसपास विमाने तिथे उतरतात. धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात आणि "तू हिरव्या ठिपक्यावर उतर, तू केशरी" असे वरून येणाऱ्यांना सांगतात. आम्ही गेलो ते जूनमध्ये. कापलेल्या हिरवळीचे अफाट मैदान होते आणि त्यावर काहीही नव्हते. आषाढीच्या आधी महिनाभर वाळवंटात जाऊन उभे राहावे तसे वाटले.

तिथले संग्रहालय मात्र भरलेले होते. लाकूड आणि कापड यांच्या जुन्या विमानांपासून थेट अंतराळाच्या कडेला जाऊन आलेल्या यानाच्या प्रतिकृतीपर्यंत. मराठी माणसाला अशा जागी शिवकर बापूजी तळपदे आठवल्यावाचून राहत नाहीत. १८९५ साली त्यांनी मुंबईला चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट मी वर्गात अनेकदा छाती फुगवून सांगितली आहे. ती मी भाऊजींनाही सांगितली.

"असेलही," ते म्हणाले. "पण उघडून बघायला काही ठेवलंय का कोणी? आराखडा, त्या वेळची नोंद, एखादा तुकडा?"

नव्हते. मला माहीत होते की नव्हते. ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाचा हवाला या गोष्टीबरोबर पुष्कळदा दिला जातो, त्यातली विमाने उडू शकणार नाहीत असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवले आहे. उलट आपल्या कांदिवलीला अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ साली मुंबईत प्रदर्शनात लोकांनी हात लावून पाहिले, आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणीही झाली. "हा खरा आपला माणूस," भाऊजी म्हणाले. "कारण तो म्हणतो, या आणि बघा." मी मान डोलावली. पण माझे मन घोडीवर उभ्या केलेल्या पंखाकडे गेले होते.

बाहेर आलो. विमानतळाच्या पाटीवर 'विटमन' असे नाव होते. मी विचारले, हे कोण?

भाऊजी थोडे थांबले. पण सांगायचे टाळले नाही. स्टीव्ह विटमन हे इथलेच. जन्म १९०४ चा. आयुष्यभर स्वतःची विमाने स्वतः बांधली, शर्यती जिंकल्या. त्यांच्या आराखड्यावरून शेकडो लोकांनी विमाने बांधली. १९९५ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते स्वतः बांधलेल्या विमानातून जात असताना आलाबामा राज्यात ते विमान कोसळले. चौकशीत निघाले की पंखावरचे कापड खालच्या लाकडाला नीट चिकटलेले नव्हते. ते सुटले, पंख थरथरू लागला आणि मोडला.

"आणि बायको शेजारी बसली होती," ताई म्हणाली. "ते सांगा ना."

"हो. त्याही गेल्या."

परतताना मोटारीत कोणी बोलले नाही. ताई खिडकीतून सरोवर बघत होती. ती कशाला भिते हे मला आता समजले. तिला आकाशाचे भय नव्हते. आत काय आहे हे दिसत नाही, आणि ज्याने ते केले त्याच्यावर नुसता विश्वास ठेवायचा, याचे भय होते. आणि त्या आतल्या अंधारात, तिला न सांगता, मी एक स्क्रू टाकून ठेवला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. मनाने नाना युक्तिवाद केले. स्क्रू फरशीवरच असेल. असला आत, तरी केवढासा तो! वर्षाने झाकण उघडतील तेव्हा सापडेल. पण दुपारीच भाऊजींनी मला सांगितले होते की पंखात राहिलेली एखादी बारकी वस्तू विमान कलले की घरंगळत जाते, आणि त्या तरफेच्या सांध्यात नेमकी अडकली तर काठी हलत नाही. ते हे सहज म्हणून सांगत होते. मला मात्र ते माझ्यासाठीच सांगितल्यासारखे लागले. शिवाय मनात एक वाईट विचारही येऊन गेला, तोही सांगून टाकतो: हेच निमित्त करून भाऊजींना म्हणावे, बघा, किती सोपी चूक आहे, सोडून द्या हा नाद. ताईचे काम झाले असते. माझी चूकही उपदेशात झाकली गेली असती.

पहाटे साडेचारला उठलो. गॅरेजात दिवा होता. भाऊजी घोडीशेजारी बसून रिव्हेट मोजत होते, का नुसतेच बसले होते, कोण जाणे.

"भाऊजी, शुक्रवारी माझ्या हातून एक स्क्रू पडला. बहुतेक आत. मी डब्यातला दुसरा लावला आणि बोललो नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गॅरेजमधल्या त्या जुन्या घड्याळाची टिकटिक मला तेव्हाच प्रथम ऐकू आली. मग ते उठले. "चहा टाक," म्हणाले. "मी झाकणं काढतो."

त्यांनी मला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

चहाच्या भांड्याचा आवाज ऐकून ताई उठली आणि तिला सगळे कळले. मी तयारीतच होतो. ती म्हणेल, आता तरी पटलं का? पण ती काहीच म्हणाली नाही. शाल घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली. उंबरठ्याच्या अलीकडे.

पंख पुन्हा टेबलावर आडवा आला. दोन्ही झाकणे निघाली. चोवीस स्क्रू ट्रेमध्ये. मला एक कल्पना सुचली. "लोहचुंबक लावू या की!"

"हे स्टेनलेस स्टीलचे," भाऊजी म्हणाले. "यांना चुंबक ओढत नाही."

मग मोबाइलला जोडायचा सापासारखा लवचीक कॅमेरा आला. तो भोकातून आत सरकवत भाऊजी पडद्यावर बघत होते. पट्ट्या, पट्ट्यांमधली वजन कमी करण्यासाठी पाडलेली गोल भोके, तारा, तरफ. पंख उभा करताना स्क्रू एका खणातून दुसऱ्यात गेला असणार. पाऊण तास झाला. सहा वाजून गेले. आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात, तरफेच्या पलीकडे, एका पट्टीच्या खाचेत काहीतरी लुकलुकले.

माझा जीव भांड्यात पडला. पण काम झाले नव्हते. लांब चिमट्याला तिथवर वळण मिळेना. भाऊजींचा हात कोपरापर्यंत जाई आणि अडके. माझा हात सडपातळ आहे असा माझा समज होता. तोही अडकला.

"सरका," ताई म्हणाली.

ती आत आली होती. केव्हा आली ते कळले नाही. तिने दोन्ही हातांतल्या बांगड्या काढल्या.

"किती आहेत?" भाऊजींनी विचारले.

"काय किती?"

"बांगड्या. मोजून ठेव."

"चार," ती म्हणाली आणि खरोखरच मोजून त्या ट्रेच्या एका खणात ठेवल्या. मग तिने हात आत घातला. भाऊजी पडद्याकडे बघून सांगू लागले: "थोडं पुढं. आता डावीकडे. खाली वाकव." तिचा हात खांद्याजवळपर्यंत आत गेला. चेहरा पत्र्याला टेकला होता, डोळे मिटलेले होते.

"हे काय आहे? गार, वाकडं?"

"तीच तरफ."

"हिच्यावर सगळं?"

"हो." ते टेबलाच्या मागच्या बाजूला गेले आणि पंखाच्या कडेची फळी हळूच वर केली. मग खाली.

"हललं," ताई म्हणाली. डोळे तसेच मिटलेले. "पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केले. चार-पाच वेळा केले. आत तिचे बोट त्या सांध्यावर होते आणि बाहेर ते फळी हलवत होते. मी कामापुरताही तिथे असायला नको होतो, असे मला वाटले.

"अडकत नाही कुठं," ती शेवटी म्हणाली. तिने हात बाहेर काढला. मुठीत माझा स्क्रू होता. मनगटावर पत्र्याचा एक लाल ओरखडा उठला होता.

मग आम्ही तिघांनी झाकणे लावली. मोजणी ताईने केली. चोवीस स्क्रू, चार बांगड्या, आणि एक जादा स्क्रू. गाडा दहाच्या ऐवजी साडेदहाला आला, तोवर दुसऱ्या पंखाचीही लावून झाली होती. निघताना भाऊजींनी तो जादा स्क्रू माझ्या हातावर ठेवला. "पंख मी सहा वर्षं बांधला," म्हणाले. "माझ्याही हातून किती वस्तू पडल्या असतील. पडणारच. सांगणारा माणूस जवळ असला म्हणजे झाकण लावायला हरकत नाही."

ताईचे काम मी केले नाही. तिनेही पुन्हा तो विषय काढला नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, हा लेख लिहायला बसलो त्याच आठवड्यात, तिचा फोन आला. तपासनीस हँगरवर येऊन गेला. त्याने सगळी झाकणे उघडायला लावली, दिवा घेऊन प्रत्येकात पाहिले, ताईलाही काही विचारले, आणि परवान्याच्या कागदावर सही केली. आता सुरुवातीचे चाळीस तास भाऊजींनी ठरलेल्या टापूतच उडायचे, आणि उतारू न घेता. तसा नियमच आहे.

"म्हणजे तुला सध्या बसता येणार नाही," मी म्हटले.

"नाही ना," ती म्हणाली. मग जरा थांबून: "चाळीस तास म्हणजे साधारण किती रविवार होतात रे?"

मी गणितात कच्चा आहे. शिवाय तिकडे हिवाळा लवकर येतो. "होतील की उन्हाळ्यापर्यंत," असे मी सांगितले. तो स्क्रू माझ्या टेबलावर, लाल शाईच्या पेनाशेजारी आहे. सहामाहीच्या उत्तरपत्रिका बांधून देण्यापूर्वी मी त्या हल्ली दोनदा मोजतो. आणि एखादी कमी भरली तर ताबडतोब जाऊन सांगतो.